वडिलांच्या नावाने विद्यापीठाच्या फिजिक्सला १५ लाख द्यायचे आहेत. पदक, ठेव की आणखी काही?

भट्टी_शिरोली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. फार मोठी नाही, मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्या वर्षी गेले. सत्तरच्या दशकात त्यांनी शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं. पीएच.डी. करून शिकवायचं त्यांच्या मनात होतं, पण आजोबांनी अंथरूण धरलं आणि उद्यमनगरातलं वर्कशॉप दादांच्या गळ्यात पडलं. त्या वर्कशॉपची फाउंड्री त्यांनीच केली. फिजिक्स मात्र सुटलं नाही. आमच्याकडे स्पेक्ट्रो (धातूत काय काय आहे ते सांगणारं यंत्र) आला तेव्हा बाकी सगळ्यांना एवढंच माहीत होतं की नमुन्यावर ठिणगी पाडली की स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे टक्के येतात. दादांनी मेल्टिंगच्या पोरांना बोलावलं आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूतून ठरावीक रंगांचाच प्रकाश का बाहेर पडतो, ते भिंतीवर खडूनं आकृत्या काढून समजावलं. त्यातला एकजण पुढे डिप्लोमाला गेला. आज आमची क्वालिटी तोच सांभाळतो.

आता घरात ठरलंय की त्यांच्या नावाने त्यांच्या अधिविभागाला, म्हणजे विद्यापीठातल्या फिजिक्स विभागाला, १५ लाख द्यायचे. कशासाठी द्यायचे यावर मात्र एकमत होत नाही. भाऊ म्हणतो, एम.एस्सी.त पहिला येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवू, दरवर्षी दीक्षान्त समारंभात दादांचं नाव घेतलं जाईल. आईला वाटतं, पैसा गरजू पोरांच्या हातात पडावा. मला वाटतं, शिकवणं आणि संशोधन या दोन्हींना त्याचा उपयोग व्हावा, पण म्हणजे नक्की काय करायचं हे मला सांगता येत नाही. एखादं मशीन घेऊन द्यावं का? १५ लाखांत कसलं मशीन येतं? की बँकेत ठेव ठेवून व्याज वापरायला द्यावं? करात सवलत मिळते का, सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या समाजासाठीच्या खर्चात, बसतं का, हेही भाऊ विचारतोय. शिवाय अमेरिकेतल्या आमच्या चुलत बहिणीलाही यात पैसे घालायचे आहेत.

ज्यांनी हे काम आतून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

ताळेबंद

कराचं तेवढं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

प्राप्तिकर कायद्यातल्या ज्या कलमाला आपण सगळे 'ऐंशी जी' म्हणतो, त्यात बहुतेक शैक्षणिक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदललेत. म्हणून पावतीवर कलम कोणतं आहे ते विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून बघून घ्या. रोख रक्कम २,००० रुपयांच्या वर दिली तर वजावट नाही, तेव्हा चेक किंवा बँक ट्रान्सफरच करा. भाऊ नवीन करप्रणालीत असेल तर ही वजावट त्याला मिळणारच नाही. फाउंड्री प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला असेल, तर कंपनीलाही नाही. त्यामुळे रक्कम कुणाच्या खात्यातून जाणार हे आधी ठरवा. संशोधनासाठी दिलेल्या देणगीवर पूर्वी दीडपट वजावट मिळायची, ती २०२०-२१ पासून एकपट झाली. कुणी जुन्या आठवणीवर दीडपट सांगितलं तर ऐकू नका.

सीएसआरची सक्ती निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी यांपैकी एक तरी आकडा गाठणाऱ्या कंपनीला असते. तुमच्या वर्णनावरून तुम्ही त्यात येत नसाल. तरी द्यायला कुणाची आडकाठी नाही.

बहीण अमेरिकेची नागरिक झाली असेल तर तिचे पैसे परदेशी देणगी ठरतात. मग घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच जमा व्हावी लागते. पासपोर्ट अजून भारताचाच असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर हा प्रश्न येत नाही.

प्रिझम

ताई, दादांनी भिंतीवर काढलेल्या आकृत्यांबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. प्रयोगशाळा बरीच वर्षं माझ्याकडे होती आणि खरेदी समितीवरही मी होते. त्यामुळे विद्यापीठाच्या आतलं मी सांगणार नाही, पण फिजिक्सच्या लॅबला पैसा कुठे कमी पडतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझा सल्ला एकच. नवीन वस्तू घेऊन देऊ नका. आहेत त्या वस्तू चालू राहतील आणि पोरांच्या हातात पडतील, यासाठी पैसे द्या.

मोठ्या यंत्रासाठी पैसा मिळण्याचे मार्ग आहेत. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना आहे, प्राध्यापकांचे प्रकल्प असतात, २०२३च्या कायद्याने स्थापन झालेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आहे. तिथे अर्ज करून, स्पर्धेत उतरून एक्सआरडीसारखं (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं) यंत्र आणता येतं. त्याच्या किमतीपुढे तुमचे १५ लाख फार थोडे आहेत. पण प्रकल्पाची मुदत साधारण तीन वर्षांची. मुदत संपली की यंत्र राहतं आणि पैसा थांबतो. मग कूलिंगचा पंप गेला, एखादं कार्ड उडालं, एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, नूतनीकरण आलं, की प्रश्न येतो: खर्च कोणत्या हेडखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली, टाकायचा? ते हेडच नसतं.

मी पाहिलेलं सांगते. एका ठिकाणी व्हॅक्यूम कोटिंग युनिट होतं. काचेच्या घंटेसारख्या झाकणाखाली टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवायचा, आतली हवा काढून घ्यायची आणि तार तापवायची. ॲल्युमिनियमची वाफ होते आणि वर लावलेल्या काचेवर तिचा आरसा तयार होतो. हवा का काढायची, हे पोरांना पुस्तकातून कधीच नीट कळत नाही. नेहमीच्या हवेत अणूला धक्का न लागता जेमतेम मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढं अंतर जाता येतं. तोच दाब दहाचा उणे पाचवा घात मिलिबारपर्यंत उतरवला की अणू काही मीटर सरळ जातो, म्हणजे काचेपर्यंत विनाअडथळा पोचतो. हवा काढायला पहिल्यांदा रोटरी पंप, मग डिफ्यूजन पंप, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सावकाश खाली येणं आणि शेवटी काच एकदम चकाकणं, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याला 'मीन फ्री पाथ', म्हणजे अणूचं हे बिनधक्क्याचं अंतर, जन्मात विसरायला होत नाही.

त्या युनिटच्या डिफ्यूजन पंपाचा हीटर जळाला. दुरुस्ती काही हजारांची होती. प्रस्ताव गेला, त्रुटी निघाली, पुन्हा तीन कोटेशनं मागवली, तोवर मार्च संपला. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. हीटर आपल्या उद्यमनगरात कुणीही गुंडाळून दिला असता. दरम्यान पोरांच्या बॅचेस येत गेल्या. घंटा बाहेरून बघून, मागच्या वर्षीच्या जर्नलमधली कृती उतरवून त्यांनी परीक्षा दिली आणि पास होऊन गेल्या. त्या पोरांचा मला आजही फार त्रास होतो. शिकवायची इच्छा होती, यंत्र होतं, शिकायला मुलं होती. नव्हती ती फक्त तेवढी रक्कम खर्चायची परवानगी.

सोडियमच्या दिव्याचं तेच. आधी तो लालसर पेटतो, मग हळूहळू पिवळा होतो. ग्रेटिंगमधून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून, बघताना सुरुवातीला एकच पिवळी रेघ दिसते. स्लिट, म्हणजे प्रकाश आत येण्याची फट, बारीक करत, फोकस जमवत गेलं की तिच्या दोन होतात, एकीची तरंगलांबी ५८९० आणि दुसरीची ५८९६ अँगस्ट्रॉम. ज्या क्षणी दोन दिसतात त्या क्षणी मुलगी डोळा न हलवता शेजारणीला हाका मारते, "अगं, दोन हैत बघ!" मला पूर्ण पगाराइतकं समाधान त्या एका हाकेत मिळायचं. पण चार टेबलांना मिळून एकच चालू दिवा असला की एक जण बघतो आणि बाकीचे त्याचं रीडिंग लिहून घेतात.

म्हणून म्हणते, तुमचे पैसे इथे लावा. एक मांडणी सुचवते. ५ लाख सरळ खर्चायला द्या, चार-पाच वर्षांत मिळून. बंद पडलेली उपकरणं सुरू करणं, दिवे, ग्रेटिंग, लेन्स, पंपाचं तेल, गेज यांसाठी. १० लाखांची ठेव ठेवा. ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७०,००० होतात. त्यातले १४,००० पुन्हा ठेवीत टाका, नाहीतर महागाई ठेवीला हळूहळू खाऊन टाकते. उरले ५६,०००. त्यातून एम.एस्सी.च्या आठ मुलांना प्रोजेक्टसाठी प्रत्येकी ५,००० आणि राहिलेले १६,००० त्या वर्षीच्या किरकोळ दुरुस्तीला. आईंची इच्छाही यात बसते, कारण प्रोजेक्टचा खर्च आज बऱ्याच ठिकाणी मुलांच्या खिशातून होतो. ज्याच्या खिशात नाही तो सोपा, घरात बसून करता येणारा विषय निवडतो.

पदकाबद्दल भावाला एवढंच सांगा. ५०,००० रुपयांच्या ठेवीचं वर्षाचं व्याज साडेतीन हजार. त्यात आज एक ग्रॅमही सोनं येत नाही. जुन्या ठेवींवर चालणाऱ्या पदकांची अडचण हीच आहे. मोठी ठेव ठेवली तर पदक निघेल, पण ते अशा मुलाला मिळेल जो आधीच पहिला आलेला आहे. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण दादांना वर्कशॉप सांभाळताना जे हवं होतं ते पदक नव्हतं, लॅब होती.

सायबरचौक

मॅडमचं सगळं पटलं, तरी एक सांगतो. विद्यापीठ सरकारचं, जबाबदारी सरकारची. दिवा नि पंपाचं तेल लोकांनी द्यायचं म्हटल्यावर उद्या सरकार म्हणणार, बरं झालं, चाललंय की तुमचं देणगीवर! राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, पोरं नेट-सेट या पात्रता परीक्षा पास होऊन तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशावर, राबतायत. मी स्वतः त्यात काही वर्षं काढलीत. १५ लाख द्यायची ऐपत नि इच्छा असलेली माणसं जर सरकारला जाब विचारायला एकत्र आली तर त्याचा जास्त उपयोग होईल, असं मला मनापासून वाटतं. ताई, तुमच्या भावनेबद्दल शंका नाही.

प्रिझम

सर, तासिका तत्त्वावर शिकवलेल्या माणसाला हे बोलायचा पूर्ण हक्क आहे. माझ्याबरोबर अशीच दोन मुलं होती, माझ्याइतकेच तास घ्यायची. त्यांच्या पगाराच्या जागी देणगी येऊ नये, यावर मी तुमच्याबरोबर आहे. ताईंनी देणगीच्या पत्रात तशी अटच घालावी: ही रक्कम वेतनासाठी आणि नियमित अनुदानाच्या बदल्यात वापरू नये. जाब विचारणं आणि दिवा आणणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात. या वर्षी एम.एस्सी.ला बसलेल्या मुलीला दिवा याच वर्षी हवा आहे.

आणि आपल्या देशात फिजिक्स उभंच राहिलं ते बरंचसं देणगीवर. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून १८७६ मध्ये विज्ञानसंस्था काढली. तिथल्याच प्रयोगशाळेत सी. व्ही. रामन यांनी १९२८ चा 'रामन परिणाम' हा शोध लावला. त्यांची नोकरी होती अर्थखात्यात, चांगल्या पगाराची. ती सोडून ते १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात आले ते 'पालित प्राध्यापक' म्हणून. तारकनाथ पालित हे बॅरिस्टर, त्यांनी विद्यापीठाला विज्ञान महाविद्यालयासाठी जमीन आणि लाखो रुपये दिले. अट अशी की त्या पैशातल्या प्राध्यापकपदांवर भारतीय माणसंच नेमायची. पाठोपाठ रासबिहारी घोष या दुसऱ्या वकिलांनी १० लाख दिले, त्यात प्राध्यापकपदांबरोबर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही होत्या. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे पुढे नावाजलेले शास्त्रज्ञ त्याच महाविद्यालयात उमेदवारीला लागले. मुंबईची टीआयएफआर ही संशोधनसंस्थासुद्धा १९४५ मध्ये सुरू झाली ती होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेल्या पत्रातून.

पालितांच्या देणगीतली एक गोष्ट ताईंनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या पदावरच्या माणसानं परदेशात शिक्षण घेतलेलं असावं, अशी तरतूद होती. रामन तर कधी परदेशी शिकलेले नव्हते आणि त्यासाठी जायला त्यांनी नकार दिला. कुलगुरू आशुतोष मुखर्जींनी ती तरतूद शिथिल करून घेतली, म्हणून रामन तिथे आले. अट घालणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, तरीही त्या एका कलमानं रामन बाहेर राहिले असते.

आपल्या कोल्हापूरला तर हे नवं नाहीच. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं काढली, ती मुलाच्या राहण्या-जेवण्याचा प्रश्न सोडवायला. शाळा होत्याच, पण गावाकडचं पोर शहरात राहणार कुठे आणि खाणार काय? त्यांनी नेमकी ती अडलेली जागा धरली. कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, त्यातल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे मूठ-मूठ धान्य गोळा करून त्यांनी मुलं शिकवली.

पातळ_थर

मी विद्यापीठातून एम.एस्सी. आणि पीएच.डी. करून सध्या दक्षिण कोरियात पोस्टडॉक करतोय. इथल्या लॅबमध्ये मराठीत बोलायला माणूस सहज मिळतो, कोल्हापूरच्या पातळ थरांच्या (काचेवर पदार्थाचा अगदी पातळ थर चढवून तो अभ्यासायच्या) कामातून इतकी मुलं इकडे आली आहेत.

प्रोजेक्टच्या ५,००० रुपयांबद्दल मॅडमनी लिहिलंय त्याला माझा जोरदार पाठिंबा. कोल्हापुरात पातळ थरांचं काम वाढलं त्याचं एक कारण मला असं वाटतं की आपल्याकडे रासायनिक पद्धतींवर भर राहिला. त्यांना व्हॅक्यूम लागत नाही. बीकर, हॉट प्लेट, थर्मामीटर आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू होतं. सिलार पद्धतीत काचपट्टी कॅडमियमच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, सल्फाइडच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. हे एक चक्र. अशी अनेक चक्रं झाली की काचेवर पिवळा थर दिसायला लागतो. रात्री उशिरापर्यंत घड्याळाकडे बघत पट्ट्या बुडवायचो, आणि पहिल्यांदा पिवळं दिसलं तेव्हा हॉस्टेलवरच्या सगळ्यांना उठवून दाखवलं होतं.

पण थर तयार झाला म्हणजे संशोधन झालं असं नाही. त्याचा एक्सआरडी काढायचा, एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, तो किती प्रकाश शोषतो ते मोजायचं. प्रत्येक नमुन्याचं शुल्क असतं, आणि जे यंत्र आपल्याकडे नाही त्यासाठी नमुना दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो. ज्याच्याकडे पैसे कमी तो दहा नमुने बनवून दोनच तपासतो, आणि नेमका चुकीचा निष्कर्ष काढतो. चांगल्या डोक्याच्या मुलांचं असं झालेलं मी पाहिलंय. ५,००० मध्ये दहाही नमुने नीट तपासून होतील असं नाही, पण दोनाचे पाच-सहा नक्की होतात, आणि तेवढ्यानं आलेखाला आकार येतो.

आणखी एक सुचवतो. पैसे मुलाला रोख देण्यापेक्षा त्याच्या नावावर तपासणीचं शुल्क आणि रसायनांची बिलं भरली जावीत. मात्र ते आगाऊ व्हायला हवं. आधी खिशातून भरा, मग परतावा घ्या, अशी पद्धत असली तर ज्याच्यासाठी हे चाललंय तोच बाहेर राहतो.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश या फिजिक्सच्या लॅबचं उदाहरण सगळे देतात. १८७४ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या पैशातून ती उभी राहिली, आणि २०१७ मध्ये ध्वनितंत्रज्ञ रे डॉल्बी यांच्या इस्टेटीतून साडेआठ कोटी पौंड मिळाले. आकडा ऐकून आपण दबून जातो. मला वाटतं, आपल्या ५,००० चा एका मुलावर होणारा परिणाम त्याहून कमी नाही. माझा पासपोर्ट भारतीयच आहे. ताईंनी निधी सुरू केला तर आम्ही इथले काहीजण मिळून दर वर्षी दोन-तीन मुलांचा खर्च त्यात घालू.

भट्टी_शिरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आई आणि भावासमोर सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. हीटरच्या ठिकाणी आई म्हणाली, "हे तर ह्यांनीच घरी गुंडाळला असता." भावाचं मन पदकावरून हटलं. त्याची एकच अट आहे, दादांचं नाव कुठेतरी लागावं. मला ती रास्त वाटते. बहीण अमेरिकेची नागरिक झालेली आहे, त्यामुळे तिचं सध्या बाजूला ठेवतोय. सायबरचौक सर, तुमच्या मुद्द्यावर घरात बराच वेळ बोलणं झालं. वेतनाची अट पत्रात घालणारच, आणि तुमच्या जागांच्या मागणीचं निवेदन निघालं तर त्यावर आमच्या तिघांच्या सह्या धरा.

दोन प्रश्न राहिलेत. पत्रात नेमकं काय लिहायचं? आणि पैशाशिवाय आमच्या शॉपमधून काही करता येईल का? आमच्याकडे लेथ, मिलिंग, ड्रिलिंग सगळं आहे आणि हाताखालची माणसं जुनी, कसलेली आहेत. महिन्यातून एखादा दिवस त्यांचं काम अधिविभागासाठी सहज देऊ शकतो.

प्रिझम

ताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की आधी त्याचंच उत्तर देते. हो, आणि ही मदत १५ लाखांच्या तोडीची आहे. ऑप्टिकल बेंचचे रायडर, स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलाचे लेव्हलिंग स्क्रू, व्हॅक्यूमचे फ्लँज, हॉल इफेक्टच्या नमुन्याचा होल्डर, फोर प्रोबचा स्प्रिंगवाला स्टँड, या सगळ्या वस्तू कंपनीकडून मागवल्या तर महाग पडतात आणि यायला महिने लागतात. तुमचा फिटर जुना तुकडा हातात घेऊन बघेल आणि तसाच करून देईल. त्याहून मोठी गोष्ट अशी की एम.एस्सी.च्या दोन मुलांना त्या वेळी शॉपमध्ये उभं राहू द्या. स्वतः आकृती काढून, मापं टाकून, आपण काढलेला भाग लेथवर होताना ज्यानं पाहिला तो पुढे कोणत्याही लॅबमध्ये अडून बसत नाही. धातूचे भाग देताना प्रत्येक वेळी डिलिव्हरी चलन करा आणि 'विनामूल्य' असं लिहा, म्हणजे तिकडे डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करायला सोपं जातं.

आता पत्र. ते कुलसचिवांच्या नावे लिहा, प्रत अधिविभागप्रमुखांना आणि वित्त व लेखा अधिकाऱ्यांना. देणगी स्वीकारायचा निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतो, त्यामुळे पत्र सुटसुटीत हवं. पण पत्र देण्याआधी अधिविभागप्रमुखांना भेटा, लॅब स्वतः फिरून बघा आणि त्यांना काय हवंय ते विचारा. मी इथे जे सुचवलं ते माझ्या अनुभवातून आहे. त्यांची निकड वेगळी असली तर त्यांचं ऐका.

पत्रात हेतू रुंद लिहा: पदार्थविज्ञान अधिविभागातील प्रयोगशाळा अध्यापन आणि विद्यार्थी संशोधन, विशेषतः उपकरणांची दुरुस्ती, देखभाल, उपभोग्य साहित्य आणि प्रकल्प खर्च. 'दुरुस्ती' आणि 'देखभाल' हे शब्द स्पष्ट यायलाच हवेत, कारण लेखापरीक्षणाच्या वेळी तेवढ्यावर खर्च अडतो. विशिष्ट उपकरणाचं नाव घालू नका. व्याजातला पाचवा हिस्सा मुद्दलात जमा करावा हे लिहा. एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च अधिविभागप्रमुखांनी आपल्या अधिकारात करावा हे लिहा, आणि ती रक्कम किती असावी हे वित्त विभागाशी बोलून ठरवा. सगळ्या पत्रात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच वाक्य. वेतनाची अट आहेच. दरवर्षी एक पानाचा हिशेब आणि कोणत्या मुलांनी काय काम केलं याची यादी देणगीदाराला मिळावी, एवढं मागायला संकोच करू नका.

शेवटी बदलाची तरतूद. दहा वर्षांनी अभ्यासक्रम बदलेल, उपकरणं बदलतील, कदाचित प्रोजेक्टची पद्धतच बदलेल. तेव्हा मूळ हेतूच्या जवळ राहून अटी बदलण्याचा अधिकार अधिविभाग समितीच्या शिफारशीनं व्यवस्थापन परिषदेला राहील, असं स्वतः होऊन लिहा. पालितांच्या वेळी आशुतोष होते, दर वेळी तसा माणूस असेलच असं नाही.

दादांच्या नावाचं म्हणाल तर निधीलाच त्यांचं नाव द्या. त्यातून दुरुस्त झालेल्या उपकरणावर छोटी पट्टी लावता येते, आणि ज्या मुलाचा प्रोजेक्ट त्यातून झाला तो आपल्या प्रबंधिकेच्या ऋणनिर्देशात नाव लिहितोच.

ताळेबंद

मॅडमच्या पत्रात माझी एक ओळ घाला. चेक विद्यापीठाच्या अधिकृत खात्याच्या नावेच काढा, अधिविभागाच्या किंवा व्यक्तीच्या नावे नको. ५ आणि १० लाख या दोन रकमांचे दोन वेगळे चेक द्या, मागे हेतू लिहा, पावत्याही दोन घ्या. वर्ष संपल्यावर विद्यापीठाकडून देणगीचं प्रमाणपत्र मिळतं, ते पॅन नंबरसकट तपासून घ्या, पॅन चुकला की वजावट अडकते. आणि शक्यतो मार्चमध्ये जाऊ नका, त्या महिन्यात वित्त विभागात कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीच्या सुट्टीआधी पत्र आवक-जावकला द्या आणि पोच घेऊन या.